साडेदहाची वेळ

गेल्या महिन्यात अम्मींना साखरेसाठी इथल्याच एका खाजगी दवाखान्यात नेलं. वेळ साडेदहाची होती, नंबर लागला पावणेएकला. डॉक्टरांनी पाहिल्यावर उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. बारा वाजता अम्मींचे हात थरथरू लागले. पर्समधले दोन खजूर दिले तेव्हा जीव सावरला, पण तपासणी वाया गेली. शेजारी धडगावकडची एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. परतीच्या बसची वेळ झाली तशी ती न दाखवताच उठून गेली.

मी कंपाउंडरला जरा रागानेच विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, दहाचे पहिले दोन्ही पेशंट बाहेरगावचे. बस उशिरा आली. डॉक्टर अर्धा तास रिकामे, मग सगळे एकदम आले.”

म्हणजे सकाळचा अर्धा तास बुडाला आणि तो प्रत्येकाच्या नंबरात पुढे सरकत गेला. कारण प्रत्येकी दहा मिनिटं धरून वही भरली की मध्ये सावरायला जागाच उरत नाही. १९५२ मध्ये इंग्लंडच्या नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने बाह्यरुग्ण विभागातल्या रांगांचा हिशेब मांडला होता. त्याचा उपाय साधा: सुरुवातीला दोन पेशंट एकत्र बोलवा, पुढे एका पेशंटला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेक. एक जण थोडा थांबेल, पण डॉक्टर रिकामे राहणार नाहीत.

आपल्याकडे मात्र ते दोघे जवळच्या मोहल्ल्यातले हवेत. सातपुड्यातून येणाऱ्याला बस पोहोचल्यानंतरची वेळ द्यावी. तासा-दीड तासाने एखादी जागा मोकळी ठेवावी. आणि वही सकाळी लिहून मिटायची नाही. अकरा वाजता उशीर दिसला की साडेबाराच्या लोकांना फोन करायचा, “सव्वाला या, जोहर पढून या.” आमच्या शाळेत हे रोजच चालतं. रजेवर कोण ते पाहून परिपाठ संपेपर्यंत बदली तासांची चिठ्ठी फिरते. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर असतं, शाळा चालते त्या चिठ्ठीवर!

चूक आपलीही आहे. यायचं नसेल तर कळवतो किती जण? मीच दोनदा कळवलं नव्हतं.

अम्मींची पुढची तारीख घेताना मी सांगून ठेवलं, “आमचं घर दहा मिनिटांवर आहे. कोणी आलं नाही तर फोन करा, लगेच येतो.” कंपाउंडरने वहीच्या कडेला माझा नंबर लिहून घेतला.