परत बोलावण्याची विद्या

दूरवरून लढल्या जाणाऱ्या युद्धावर आपल्याकडे एक चांगलं नाटक हवं, असं मला भिलाईला पोस्टिंग आल्यापासून वाटू लागलंय. कारण पंडवानी.

तीजनबाईंचं गनियारी इथून जवळच. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरी केली, 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याआधी बायकांनी पंडवानी गायची ती बसून, वेदमती पद्धतीनं. उभं राहून, अभिनय करत गायची कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाई तेराव्या वर्षी उभ्या राहिल्या. हातात तंबुरा, तोच गदा, तोच धनुष्य. एकच बाई मारते, मरते आणि वर सांगतेही.

आमच्या एनसीसी कॅम्पमध्ये एका स्थानिक मंडळीनं युद्धाचा शेवट लावला होता. अश्वत्थामा ब्रह्मास्त्र सोडतो, अर्जुनही सोडतो. ऋषी मध्ये पडतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. ज्याला त्यानं कधी पाहिलं नाही, जो अजून जन्मलाही नाही, ते त्याचं टार्गेट. कॅडेट्स गप्प झाले होते. मी तोफखान्याचा माणूस, देवळालीत शिकलेला. न दिसणाऱ्या टार्गेटवर मारा करणं हाच आमचा धंदा. माझ्या मनात त्या अस्त्रापेक्षा ते परत न बोलावता येणं जास्त रुतलं.

महाभारतात दूरवरून युद्ध पाहणाराही आहेच. पण संजयाला दिव्यदृष्टी मिळाली कशी, ते आपण विसरतो. व्यासांनी ती आधी धृतराष्ट्राला देऊ केली होती. आपल्याच माणसांचा संहार मला बघायचा नाही, म्हणून त्यानं नाकारली. हुकूम राजवाड्यातून, बघायचं काम मात्र दुसऱ्यानं. दुर्योधन पडल्यावर संजयाची ती दृष्टीही गेली. अठरा दिवस जे पाहिलं त्याचं त्यानं पुढे काय केलं असेल, हा प्रश्न रंगभूमीचाच.

अमेरिकेत जॉर्ज ब्रँट या नाटककारानं तो विचारला. 'ग्राउंडेड' हे त्याचं नाटक 2013 मध्ये एडिंबरा महोत्सवात गाजलं, पुढे त्याचा ऑपेराही झाला. लढाऊ विमानाची महिला पायलट गरोदर राहते आणि नंतर तिला ड्रोनच्या खुर्चीवर बसवतात. बारा तास वाळवंटातल्या माणसांवर पाळत ठेवायची, लागलं तर मारायचं, मग गाडीनं घरी, मुलीला झोपवायला. एके दिवशी पडद्यावरच्या लहान मुलीत तिला स्वतःची मुलगी दिसते. ती ड्रोन पाडते. पण दुसरं ड्रोन वर असतंच.

हेही एकाच बाईचं नाटक. पलटणीत दुःख वाटून घ्यायला लंगर असतो, बडाखाना असतो, शेजारच्या खाटेवरचा दोस्त असतो. पडद्यासमोर बसलेल्याला ते नाही. म्हणून इथे एकटा नट पुरतो.

तरी हे नाटक जसंच्या तसं उचलून आपल्याकडे आणू नये. त्यांची खुर्ची हजारो मैलांवर, आपली तशी नाही. 8-9 मे 2025 च्या रात्री पाकिस्ताननं 36 ठिकाणी तीन-चारशे ड्रोन पाठवले, असं आपल्याकडून अधिकृतपणे सांगितलं गेलं. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफांच्या माऱ्यात मुलंही गेली. आपल्या ऑपरेटरच्या डोक्यावरही ड्रोन असतं आणि त्याचं घर कदाचित त्याच जिल्ह्यात. आपल्या नाटकात दोन्ही टोकं एकाच रंगमंचावर लागतील. आपण मात्र अजून पानिपतात रमतो. 'रणांगण' मलाही आवडलं, पण ते तलवारीच्या अंतरावरचं युद्ध.

काही सीनियर मंडळी म्हणतील, असल्या नाटकांनी जवानाचा हात कचरतो. आदर ठेवून सांगतो, मला पटत नाही. फायरिंग रेंजवर धोका दिसला तर कुणीही ओरडून तोफ थांबवू शकतो, तिथे हुद्दा विचारत नाहीत. त्यानं कुठली रेजिमेंट भित्री झाली? हात कचरतो तो न कळलेल्या गोष्टीनं, रात्री दोन वाजता, बायको-मुलं झोपलेली असताना. उलट मला काळजी आहे ती स्फोटाच्या क्लिपा जेवताना फॉरवर्ड करणाऱ्यांची. ते धृतराष्ट्राहून पुढचे, बघतात आणि त्यांना काही होत नाही. क्लिप वीस सेकंदांत संपते. नाटकात तास-दीड तास खुर्ची सोडता येत नाही.

घाई एवढ्यासाठी की 26 जुलै 2025 ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी जाहीर केलं, इन्फंट्री बटालियनमध्ये ड्रोन प्लॅटून येणार, तोफखान्यात घिरट्या घालून मारणाऱ्या अस्त्रांच्या बॅटऱ्या येणार. ते चालवणारी पोरं वीस-बावीस वर्षांची असतील. बटण दाबायचं त्यांना आपण शिकवूच. अर्जुनाची विद्या कोणत्या तासाला घ्यायची, ते मला अजून कुठल्या वेळापत्रकात दिसलेलं नाही.

मराठी नाटकवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एकदा दुर्ग-भिलाईकडे या. राहायची सोय माझ्याकडे, पंडवानी गावात.