‘केजी’तली बाग हरवू नये

कॉन्व्हेंटच्या नर्सरीचे अर्ज निघाले की अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या घरी परीक्षेचं वातावरण तयार होतं. ए ते झेड म्हणता येतं का? रंगांची नावं इंग्रजीत येतात का? पेन्सिल धरता येते का? प्रवेश मिळाला की पुढचा प्रश्न तयार असतो : रोज किती पानं लिहून घेतात? जिथे जास्त पानं, ती शाळा चांगली, असा सरळ हिशेब अनेक पालक मांडतात. हा हिशेब चुकतो आणि त्याचा त्रास मुलांना होतो.

ज्या ‘केजी’साठी ही धावपळ चालते, त्या शब्दाचा अर्थच मुळात वेगळा आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन पाद्र्याच्या मुलाने 1840 मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण त्याच्या शाळेचा पाया पाठांतराचा नव्हता. गाणी, गोलातले खेळ, चेंडू, लाकडी ठोकळे आणि खरीखुरी रोपं हा तिथला अभ्यास होता. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना याच पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालशिक्षण रुजवलं, तेही भोवताली मिळणाऱ्या साध्या वस्तू मुलांच्या हातात देऊनच. या सगळ्यांना जे अनुभवातून उमगलं होतं, त्याला आजचं बालविकासशास्त्र दुजोरा देतं.

आधी हाताचं बघू. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढू लागतं, चौथ्याच्या सुमारास अधिकची खूण, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ ही सगळ्यांत अवघड. आता इंग्रजीतलं पहिलंच अक्षर डोळ्यांपुढे आणा. मोठा ‘ए’ म्हणजे दोन तिरक्या रेघा! तीन वर्षांच्या मुलाला तो जमत नसेल, तर तो आळशी किंवा ‘ढ’ नसतो. त्याचा डोळा आणि हात यांचा मेळ अजून बसायचा असतो. अंगठा आणि दोन बोटांत पेन्सिल सफाईने फिरवणंही बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधतं. त्याआधी पानंच्या पानं लिहून घेतली, तर पेन्सिल मुठीत आवळून धरायची सवय लागते आणि लिहिण्याचा कंटाळा येतो. हात तयार होतो तो कणीक मळताना, मटार सोलताना, मणी ओवताना, शर्टाची बटणं लावताना.

दुसरी तयारी मनाची. पहिलीच्या वर्गात मुलाला ऐकून घ्यावं लागतं, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, सूचना लक्षात ठेवून त्याप्रमाणे वागावं लागतं. स्वतःला आवरण्याची ही शक्ती तीन ते पाच या वयात झपाट्याने वाढते. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आठवा. शिवाजी म्हणाला तरच हात वर करायचा, नाहीतर नाही. मोह आवरण्याचा याहून चांगला सराव कुठला? ख्रिस्ती बालशाळांच्या दिनक्रमातही असा सराव आपसूक असतो. डबा समोर उघडा आहे, पण प्रार्थना संपेपर्यंत घास घ्यायचा नाही. रांगेत हात धुवायचे, एकसुरात गायचं, खेळणं पुढच्याला द्यायचं. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण रोज ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने घडणाऱ्या या गोष्टी लहान मुलाला सुरक्षित वाटायला लावतात. या शाळांचं खरं बळ इथे आहे, वहीच्या पानांत नाही.

तिसरी बाब भाषेची. मराठी घरातलं मूल इंग्रजी वर्गात गेलं की काही आठवडे, कधी काही महिनेही, गप्प राहू शकतं. या काळात ते नवी भाषा कानांनी गोळा करत असतं. अशा वेळी घरीही मोडकं इंग्रजी बोलायला लागणं हा उपाय नव्हे. गोष्टी, गप्पा, बडबडगीतं मराठीतच भरपूर होऊ द्या. एका भाषेत पक्की झालेली ध्वनींची जाण आणि आकलन दुसरी भाषा शिकताना उपयोगी पडतं. मात्र मूल घरीही बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर कान तपासून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणं या वयात वारंवार दिसतं आणि अशी मुलं ‘लक्षच देत नाहीत’ म्हणून बोलणी खातात. डोळेही तपासायला हवेत. शिवाय ‘शू लागली’ हे नव्या शाळेच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. न सांगता आल्याने मुलं लघवी-शौच रोखून धरतात. त्यातून बद्धकोष्ठता आणि लघवीचे त्रास सुरू होतात.

यावर पालकांचा सवाल असतो : ‘बाकीची मुलं पुढे गेली तर?’ न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली. अकरा वर्षांचे होईपर्यंत उशिरा सुरुवात केलेल्यांनी बाकीच्यांना गाठलेलं होतं. याचा अर्थ अक्षरांना दूर ठेवावं असा नाही. चित्रांची पुस्तकं मांडीवर घेऊन वाचावीत, जेवणाची ताटं मोजावीत, दुकानाच्या पाटीवरचं आपल्या नावातलं अक्षर शोधावं. अंकांची लवकर झालेली ओळख पुढे उपयोगी पडतेच. विरोध आहे तो सक्तीला, तीन वर्षांच्या मुलाच्या शिकवणीला आणि तुलनेला. एकाच वर्गातल्या मुलांत जवळपास वर्षभराचं अंतर असू शकतं, हे विसरून चालणार नाही. वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांवर चंचलतेचा शिक्का अधिक वेळा बसतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळलं आहे.

झोपेचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप आणि दिवसभरात 3 तास हालचाल हवी. पडद्यासमोरचा वेळ 1 तासाच्या आत. सकाळच्या शाळेसाठी उठवायचं आणि रात्री अकरापर्यंत जागवायचं, मग वर्गात चिडचिड होणारच.

शाळा म्हणतात, पालकच वह्या मागतात. पालक म्हणतात, शाळाच लिहून घेते. ही साखळी शाळांनी तोडावी. पहिल्या पालकसभेतच मुख्याध्यापक सिस्टरनी सांगून टाकावं की, ज्युनिअर केजीपर्यंत लेखनाचा गृहपाठ मिळणार नाही. आणि पालकांनी शाळा बघायला जाताना वही मागू नये. मैदान कुठे आहे, स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचं आहे का, आणि रडणाऱ्या मुलाला इथे कोण जवळ घेतं, हे विचारावं.