हातात खुरपे असलेला फोटो



पीकपाण्याच्या सदरात फोटोचा विषय कशाला, असे आपणास वाटेल. पण घरात कोणाकोणाचे कसले फोटो आहेत, ते एकदा पाहा. एक लग्नातला, एक बँकेच्या पासबुकावरचा. माणूस गेले की तोच पासबुकावरचा मोठा करून त्याला हार घालायचा! जिने चाळीस वर्षे खुरपणी केली, त्या माउलीचा हातात खुरपे असलेला फोटो मात्र सहसा सापडत नाही.

नवे कपडे, मागे पडदा, ताठ मान म्हणजे फोटो, ही समजूत जुनी आहे. आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तेथे फोटो काढणारीही बाईच होती. पण फोटो मोठ्या घरचे. पुढे तालुक्याच्या स्टुडिओंनी तोच थाट उचलला, खुर्ची तेवढी साधी झाली.

ही चाकोरी मोडणाऱ्यांत पत्रकार पी. साईनाथ यांचे नाव घ्यावे लागेल. 1993 ते 2002 या काळात त्यांनी दहा राज्यांत फिरून राबणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचे फोटो काढले. शेतातल्या, वीटभट्टीवरच्या. त्यांचे प्रदर्शन गावोगावी फिरले. 2014 साली त्यांनी ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय इंटरनेटवर सुरू केले. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातले निदान एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल यांचे चेहरे तेथे यावेत, असाही त्यांचा एक उपक्रम आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळकुंडे मोडून गड्डे वेगळे करणारे पिवळे हात कोणाचे, हे मानांकनाच्या कागदावर नसते. ते आपल्या घरी तरी असावे.

हळदीच्या काढणीत मोबाईल हाती घ्याल तेव्हा आधी काच पुसा. भर दुपारचे ऊन टाळा, तोंडावर काळी सावली पडते. सकाळी किंवा झाडाच्या सावलीत काढा. उभे करू नका, काम चालू द्या. हातांचा वेगळा फोटो घ्या, तोही त्या माणसाचाच फोटो आहे. मात्र आधी विचारा. “अशा मळक्या लुगड्यात नको रे बाबा,” असे आई म्हणेल. मग काढलेला तिला दाखवा आणि तरीही नकोच म्हणाली तर पुसून टाका. मजुरीच्या बायांनाही हाच नियम. त्या आपल्या रानात आहेत म्हणून त्यांचा चेहरा आपला होत नाही.

फोन पाण्यात पडला की सारे गेले. म्हणून दोन-चार चांगले फोटो कागदावर काढून घ्या. मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल आणि काम लिहा. नाव पूर्ण लिहा, नुसते ‘आई’ नको.