गुंतवळ पाहून निकाल लावू नये



पिकांवरील रोग आणि घरातील आजार यांविषयी या पानावर नेहमी लिहिले जाते. आजचा विषय डोक्यावरच्या केसांचा आहे. कोणी तो हसण्यावारी नेईल, पण ज्या घरात मुलामुलीचे लग्न जुळवायचे आहे तेथे हा हसण्याचा विषय नाही. घरभेटीला गेले की अलीकडे हा प्रश्न कानी येतो, तोही मुलांपेक्षा आईबापांकडूनच अधिक : "फादर, शहरात जाऊन पीआरपीची दोन सिटिंगे झाली. हजारो रुपये गेले. तरी रोज फणीत पुंजका येतोच. आता थांबावे की पुढे जावे?" हा पैसा उसाच्या बिलातला असतो, दुधाच्या पगारातला असतो, कधी पतसंस्थेच्या कर्जातलाही असतो. म्हणून याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

माझे मत आधीच सांगतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत केस गळत राहिले एवढ्यावरून उपचार फसला असे म्हणू नये. पण "गळतात तेच चांगले, थोडे थांबा" या शब्दांवर विसंबून वर्षभर पैसे मोजत राहणे हेही शहाणपणाचे नाही. गळती कशामुळे आहे हे आधी तपासून घ्यावे आणि उपचाराचा निकाल कोणत्या महिन्यात लावायचा हे पहिल्या सुईपूर्वीच ठरवावे.

पीआरपी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्या घराघरांत पोचला आहे. रक्तातील हे बारीक कण जखमेवर रक्त गोठवतात आणि जखम भरून येण्यास मदत करणारी द्रव्ये सोडतात. आपल्याच हातातून थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवतात. दुधातून साय वेगळी काढण्याचे यंत्र आपण पाहिले आहे, त्याच तत्त्वाने रक्ताचे थर वेगळे होतात. ज्या थरात प्लेटलेट दाटलेल्या असतात तो घेऊन बारीक सुयांनी डोक्याच्या त्वचेत टोचतात. साधारणपणे महिन्याच्या अंतराने तीन सिटिंगे आणि पुढे काही महिन्यांनी एकेक, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. ब्राझीलमधील शल्यचिकित्सक कार्लोस उएबेल यांनी २००६ मध्ये केसांच्या रोपणात या द्रव्यांचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला.

मग टोचूनही केस का गळतात? केसाचे जीवन समजले की याचे उत्तर मिळते. आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर. मग वाढ थांबते आणि तो सुमारे ३ महिने मुळाशी नुसता टिकून राहतो. शेवटी गळतो आणि त्याच मुळातून नवा केस निघतो. निरोगी माणसाच्याही डोक्यावर शेकडा १० केस अशा विश्रांतीत असतात. १ लाखाचे शेकडा १० म्हणजे १० हजार. हे १० हजार केस सुमारे १०० दिवसांत गळायचे, म्हणजे दिवसाला १०० केस झाले. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे असे डॉक्टर सांगतात, त्यामागचा हिशेब हाच.

आता पहिले इंजेक्शन घेतले त्या दिवसाचा विचार करा. त्या दिवशी किमान १० हजार केसांची वाढ आधीच थांबलेली आहे. ज्याचे केस आधीपासून जास्त गळत आहेत, त्याच्या डोक्यावर असे केस आणखी अधिक असतील. या केसांचे गळणे कोणतीही सुई परत फिरवू शकत नाही. ते पुढच्या तीन महिन्यांत गळणारच. म्हणून दुसऱ्या सिटिंगच्या वेळी उशीवर केस दिसले तर तो बहुधा जुन्या हिशेबाचा भाग असतो. शिवाय आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया आठवड्यातून एकदा डोक्यावरून न्हातात. सहा दिवसांचे सुटलेले केस त्या एका दिवशी मोरीत दिसतात आणि काळजात धस्स होते. एका दिवसाची गुंतवळ पाहून घाबरू नये ती यासाठीच.

दुसरेही एक कारण असते. मिनॉक्सिडिल नावाचे औषध मुळात रक्तदाबासाठी होते. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून पुढे ते डोक्याला लावण्यासाठी वापरले गेले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला तशी मंजुरी मिळाली. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. विश्रांतीतील केस लवकर सुटतात आणि नवे केस वर येऊ लागतात. पुष्कळ ठिकाणी पीआरपीबरोबर हे औषधही देतात, आणि मग वाढलेली गळती त्या औषधाची असू शकते. केवळ पीआरपीनेही काही जणांची गळती थोडे दिवस वाढते, पण मिनॉक्सिडिलइतका भक्कम आधार त्याला नाही. म्हणून "गळती हेच गुण येत असल्याचे लक्षण" असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर ते तसेच्या तसे मान्य करू नये.

येथे आंब्याच्या मोहोराचे उदाहरण घेऊ. एका तुऱ्यावर शेकडो फुले येतात आणि फळे धरतात ती बोटावर मोजण्याइतकी. बाकीचा मोहोर गळतो, त्याला कोणी रोग म्हणत नाही. पण तुडतुड्यांनीही मोहोर गळतो आणि भुरीनेही गळतो. खाली पडलेला मोहोर सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगवेगळे असतात. जाणता बागायतदार आधी तुरा हातात घेऊन पाहतो, मग पंप खांद्यावर घेतो.

केसांचेही तसेच आहे. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने घटलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम केस गळू लागतात. २०२० आणि २०२१ मध्ये करोनातून उठलेल्या अनेकांनी याचा अनुभव घेतला. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. अंगात रक्त कमी असेल, लोहाचा साठा संपला असेल किंवा थायरॉईडचा विकार असेल, तर तो बरा केल्याशिवाय केस थांबत नाहीत. चाई पडणे वेगळे, मुलांच्या डोक्यातील नायटा वेगळा. वंशपरंपरेने पडणारे टक्कल आणखी वेगळे. त्यात पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाने केसाचे मूळ दर फेरीला लहान होत जाते आणि केस बारीक व आखूड निघतो. पीआरपीचा विचार मुख्यतः या शेवटच्या प्रकारासाठी केला जातो, पण संप्रेरकाचा तो प्रभाव पीआरपीने थांबत नाही. म्हणून गुण आला तरी तो टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा सिटिंग किंवा सोबत दुसरे औषध लागते. हे खर्चाचे गणित कुटुंबाला पहिल्या दिवशीच कळले पाहिजे.

माझी खरी तक्रार येथे आहे. तापानंतर केस गळू लागलेली व्यक्ती घाबरून पीआरपी घेते. चार-पाच महिन्यांनी गळती थांबते आणि श्रेय पीआरपीला मिळते, जरी ती तशीही थांबणारच होती. उलट जिच्या अंगात रक्त नाही अशी मुलगी सिटिंगमागून सिटिंग घेते. गळती थांबत नाही, आणि खरा आजार, म्हणजे तो थकवा आणि तो दम लागणे, तसाच राहतो. आधी माती तपासा, मग खत घाला, असे कृषी खाते आपल्याला सांगत असते. शेताला जो नियम, तोच आपल्या लेकीबाळींच्या शरीराला लावायला नको का?

नवे खत खरेच लागू पडते का हे पाहण्यासाठी हुशार शेतकरी दोन सऱ्या खताविना सोडतो. पीआरपीच्या काही अभ्यासांत असेच केले गेले. डोक्याच्या एका बाजूला पीआरपी आणि दुसऱ्या बाजूला नुसते सलाईन टोचले. काही अभ्यासांत पीआरपीच्या बाजूचे केस दाट झाले, तर काहींत फारसा फरक दिसला नाही. हे अभ्यास बहुतेक लहान होते आणि रक्त किती घ्यायचे, यंत्र किती फिरवायचे, याची पद्धतही सर्वत्र एकसारखी नव्हती. यावरून मी पीआरपीला थोतांड म्हणत नाही. त्याचा काहींना उपयोग होतो. पण खात्रीने सर्वांना होतो असे सांगून जो पैसे घेतो, तो पुराव्यापलीकडचे बोलतो.

तेव्हा काय करावे? प्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे. ते ५०-६० केसांची बट हलकेच ओढून किती सुटतात ते पाहतात, भिंगातून केसांची जाडी तपासतात, आणि गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉईडची तपासणी लिहून देतात. एका सिटिंगपेक्षा या तपासण्यांचा खर्च पुष्कळ कमी असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट कमी असतील, डोक्यावर पुरळ असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

दुसरे, सुरुवातीलाच डोक्याचे फोटो काढून ठेवावेत : एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच भांगाचे. तेच फोटो तिसऱ्या व सहाव्या महिन्यात पुन्हा काढावेत. गळालेले केस मोजून मन खचते. डोक्यावर राहिलेले केस पाहून निर्णय घेता येतो. सहा महिन्यांत दाटी वाढली नाही आणि विरळपणाही थांबला नाही, तर पुढील सिटिंगचे पैसे भरू नयेत. सर्व सिटिंगांचे पैसे एकदम भरून घेण्याचा आग्रह झाला तर उठून यावे. मात्र केस झुपक्यांनी जाऊ लागले, त्वचा लाल होऊन दुखू लागली, पू आला किंवा ताप आला, तर सहा महिने काय, सहा दिवसही वाट पाहू नये.

तिसरे, सुई आणि नळ्या आपल्यासमोर नव्या फोडल्या जातात का आणि रक्ताच्या नळीवर आपलेच नाव लिहिले जाते का, हे पाहावे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात विनापरवाना चाललेल्या एका सौंदर्यगृहात चेहऱ्यावर अशीच रक्ताची सुई घेतलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. आपलेच रक्त आहे म्हणून धोका नाही, असे समजू नये.

राहिली गोष्ट लग्नाची. केस विरळ झाले म्हणून आपल्या मुलाला किंवा मुलीला घरातच टोमणे बसतात, आणि त्या टोमण्यांतूनच कर्ज काढण्याची घाई जन्मते. आईबापांनी हे तोंड आवरावे, स्थळ पाहायला जाणाऱ्यांनीही आवरावे. ज्या घरात दोन सिटिंगे झाली आहेत आणि गळती चालू आहे, त्यांनी तिसऱ्या सिटिंगपूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे : माझे निदान काय, रक्ततपासणी झाली का, आणि कोणत्या महिन्यात काय दिसले नाही तर आपण थांबायचे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवून दुसऱ्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.