मापात पाप

आईच्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, एक तपकिरी पट्टा आहे. पोटरीला अर्धा वेढा घालून नडगीपाशी थांबणारा. आता तो दुखत नाही, खाजत नाही, साडीखाली कुणाला दिसतही नाही. पण तो माझ्यामुळे झालाय. मी काही कापलं-भाजलं नाही हो, मी फक्त तिला मोजे आणून दिले!

झालं असं, की आईने चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवलं. रिटायर होताना पेन्शनबरोबर तिला मिळाल्या त्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा. संध्याकाळी घोटे सुजायचे, पाय शिशासारखे जड व्हायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'स्टॉकिंग्ज, गुडघ्यापर्यंत'. बस्स, एवढंच. मी ती चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने विचारलं, "बाई जाड आहेत का बारीक?" मी म्हटलं, "मध्यम." त्याने फळीवरून 'एम' लिहिलेला खोका काढला, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिला. व्यवहार संपला.

आता बघा, साधा ब्लाऊज शिवायचा तर आम्ही दोघी शिंप्याकडे तीन-तीन खेपा घालतो. बाही अर्धा इंच सैल झाली तर आई परत उसवून घेते. आणि जी वस्तू दिवसभर पायाच्या शिरा आवळून धरणार आहे, तिचं माप आम्ही 'मध्यम' या एका शब्दात उरकलं.

आईची उंची जेमतेम पाच फूट. मोजा तिला लांब व्हायचा. मग तिने काय करावं? शाळेतल्या मुलांच्या मोज्यांसारखी वरची घडी घातली, छान दुमडून. दुपारपर्यंत ती घडी आपोआप गुंडाळत गुंडाळत खाली यायची आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर दोरीसारखी रुतून बसायची. घडी म्हणजे दुप्पट कापड, म्हणजे साधारण दुप्पट दाब. आणि तोही नेमका वर, जिथे दाब सगळ्यात कमी हवा. आठ दिवस हे चाललं. तिने तक्रार केली नाही. एक तर 'पोरीने एवढे महागाचे आणलेत' म्हणून, आणि दुसरं म्हणजे तिला फारसं कळतच नव्हतं. आईला चौदा वर्षांचा मधुमेह आहे, पायांची जाणीव कमी झालेली. नवव्या दिवशी ती न्हाणीघरातून हाक मारते, "अगं, हे बघ गं काय झालंय." बघितलं तर बोट जाईल एवढी खाच, आणि त्यात फुटलेला फोड. मधुमेहाच्या पायावरची जखम. ती भरायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत मी रोज रात्री देवाला नाही, त्या पायाला हात जोडत होते.

असो. त्यानंतर मी या विषयाच्या हात धुऊन मागे लागले. (घरच्यांना माझा हा स्वभाव माहीत आहे, बाकीच्यांनी सहन करावा.)

मुळात हे मोजे करतात काय? आपण उभे असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ असतो, आणि त्याच्या वजनाने घोट्याच्या शिरांमध्ये साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब येतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू पंपासारखे ते रक्त वर ढकलतात आणि दाब खूप उतरतो. शिरांमधल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. त्या झडपा गळक्या झाल्या, की रक्त खाली साठतं, शिरा फुगतात, पाय सुजतात. मोजा बाहेरून आवळतो, शिरा अरुंद करतो आणि पंपाला टेकू देतो. पण तो आवळायचा उताराने. घोट्यापाशी सगळ्यात घट्ट आणि वर जावं तसा सैल. या उताराची कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती कॉनराड जॉब्स्ट या अमेरिकेत राहणाऱ्या जर्मन वंशाच्या इंजिनिअरने, १९५० च्या सुमारास. त्याचे स्वतःचेच पाय शिरांच्या दुखण्याने बेजार झालेले होते, आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटतं हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खाली जास्त, वर कमी. मग तसाच मोजा का करू नये? मला हा माणूस फार आवडला. आणि त्याच्या या सुंदर कल्पनेला आपण वरची घडी घालून उलटी करतो, हे मला जास्तच लागलं.

माप कसं घ्यायचं ते नंतर एका शिरांच्या डॉक्टरांनी दाखवलं. सकाळी, अंथरुणातून उठल्यावर लवकरात लवकर, सूज चढायच्या आत. संध्याकाळी मोजलं तर सुजेचं माप निघतं, पायाचं नाही. घोट्याच्या हाडांच्या जरा वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर. पोटरी सगळ्यात जाड असते तिथला घेर. आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पाय वेगवेगळे! आईचा घोटा २१ सेंटिमीटर भरला, उजवी पोटरी ४०, डावी साडेएक्केचाळीस. डॉक्टरांनी खोक्यावरचा तक्ता दाखवला. घोटा एका मापात, पोटरी दुसऱ्याच मापात आणि उंची 'शॉर्ट'मध्ये. म्हणजे माझ्या 'मध्यम' आईचा तीनपैकी एकच आकडा त्या 'एम'मध्ये बसत होता. असं असेल तर दुसऱ्या बनावटीचा मोजा शोधायचा किंवा मापाने करून घ्यायचा. जवळपासचा घेऊन भागवायचं नाही.

दुसरा घोळ 'क्लास'चा. दुकानात विचारतात, क्लास एक का क्लास दोन? पण कुणाचा क्लास? जर्मन पद्धतीत क्लास दोन म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा, ब्रिटिश पद्धतीत क्लास दोन म्हणजे १८ ते २४. एकाच नावाचे दोन वेगळे दाब! म्हणून क्लास विचारू नका, आकडा विचारा. चिठ्ठीवरही आकडा लिहून मागा. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी हे मोजे घालायचेच नसतात. पायाला रक्त आणणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील, तर बाहेरून आवळणं म्हणजे उरलंसुरलं रक्तही तोडणं. त्याची तपासणी साधी आहे. दंडाचं ब्लडप्रेशर घेतात तसंच घोट्याचं घ्यायचं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. एकच्या आसपास आलं तर ठीक, ०.८ च्या खाली आलं तर जपून, ०.५ च्या खाली असेल तर मोजे नकोतच. मधुमेहींमध्ये अजून एक मेख आहे. धमन्यांच्या भिंती कडक झाल्या की पट्ट्याने दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो. आईचा १.१ आला तरी डॉक्टरांनी त्यावर विसंबून न राहता डॉप्लर केला. "काकू, तुमच्या पायाची चामडी मला परत फाडायची नाहीये," असं म्हणाले. हृदय फार कमजोर असेल, पायाच्या त्वचेला संसर्ग असेल, तरीही आधी विचारायलाच हवं.

"अगं, मोजेच तर आहेत, त्याने काय होतंय!" हे वाक्य मी त्या काळात निदान दहा नातेवाईकांकडून ऐकलं. त्यांच्यासाठी सांगते. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये पक्षाघाताच्या अडीच हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला. मांडीपर्यंतचे मोजे घातल्याने रक्ताच्या गुठळ्या कमी होतात का, हे बघायचं होतं. त्या काही म्हणण्याइतक्या कमी झाल्या नाहीत. पण मोजे घातलेल्यांपैकी ५ टक्क्यांना फोड, जखमा, कातडी मरणं असले त्रास झाले. न घातलेल्यांत १ टक्का. तेही हॉस्पिटलात, नर्सेसच्या नजरेखाली. याचा अर्थ मोजे वाईट असा नाही. फुगलेल्या शिरांना, सुजेला, शिरांमुळे झालेल्या जखमा भरायला त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ज्याने फायदा होतो त्याने अपायही होऊ शकतो, आणि असल्या वस्तूला आपल्याकडे औषध म्हणतात.

हॉस्पिटलातले ते पांढरे मोजे हा अजून एक प्रकार. माझ्या एका काकांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पांढरे मोजे 'फुकट गेले असते' म्हणून घरी आणले आणि चार महिने बाजारात घालून फिरले. ते अंथरुणावर पडून राहणाऱ्यांसाठी असतात, हिंडत्याफिरत्या माणसाच्या फुगलेल्या शिरांसाठी नव्हेत.

माझा एक डॉक्टर मित्र माझ्याशी यावरून भांडला. "ओपीडीत ऐंशी पेशंट असतात, टेप घेऊन बसू का? आणि तू एवढं घाबरवलंस तर ज्यांना गरज आहे तेही घालणार नाहीत." दुसरं म्हणणं मला अर्धं पटतं. पहिलं अजिबात नाही. डॉक्टरांनी बसू नये, पण माप घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि इंचटेप दहा-वीस रुपयांना मिळते. चष्म्याच्या दुकानात नंबरशिवाय चष्मा देत नाहीत. मग मोजे विकणाऱ्याने टेप ठेवावी, आणि ठेवायची नसेल तर मोजे विकू नयेत, हे माझं ठाम मत आहे. आणि माझ्यासारखीने 'मध्यम' म्हणून मोकळं होऊ नये, हेही.

आता आई नवे मोजे घालते, सौम्य दाबाचे, मापाचे. उठल्यावर तोंड धुवायच्या आत. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, टाच टाचेच्या जागी बसवायची आणि मग हळूहळू वर उलगडायचा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे, म्हणजे पकड येते आणि नख लागत नाही. वरची कड गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं. लांब झाला तर वर न ओढता कापड खाली सारखं करायचं, सुरकुती ठेवायची नाही, आणि घडी? घडीचं नाव काढायचं नाही! तेल, क्रीम रात्री, मोजे काढल्यावर. आणि काढल्यावर रोज पाय बघायचा, टाच, नडगी, बोटं, आरसा घेऊन तळवेसुद्धा. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, दुखलं तर ताबडतोब काढायचे. रोज साध्या साबणाने धुऊन, न पिळता सावलीत वाळवायचे. म्हणून दोन जोड. साधारण सहा महिन्यांत ताण मरतो, की नवे. आणि नवे घेताना पुन्हा माप.

जोडव्यांवरून मात्र आमचं महाभारत झालं. जोडवी मोज्यात अडकत होती, बोटाला रुतत होती. आई जोडवी काढेना, मी मोजे घालू देईना. शेवटी डॉक्टरांनीच बोटं उघडी असलेला मोजा सुचवला आणि दोघींची अब्रू राहिली. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने ती वैतागते, दुपारी पंख्याखाली पाय उंचावर ठेवून तासभर पडायचं असेल तेव्हा काढते. डॉक्टरांनी ते चालेल म्हटलंय. मीही मग फार बोलत नाही.

आणि हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमची मावशी. पुढच्या महिन्यात ती लेकाकडे न्यू जर्सीला चालली आहे. इतक्या लांबच्या प्रवासात मोजे घाल म्हणून त्याने फोनवर सांगितलं, तर हिने शेजारणीचे मागून आणले! मावशी, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. ते मोजे शेजारणीला परत दे. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि शनिवारी आमच्याकडे ये. पण सकाळी साताच्या आत ये गं, रिक्षाने ये, चालत येऊ नकोस. पाय सुजायच्या आत माप घ्यायचंय. टेप आईकडे आहे, आणि माप तीच घेणार म्हणतेय. चहा नंतर.