संगणक कोडे सोडवतो, मग आपण का सोडवायचे?

केनकेन हे आकड्यांचे कोडे आहे. जपानमधील गणिताचे शिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी ते २००४ साली मुलांसाठी तयार केले. लहान कोड्यात चार आडव्या आणि चार उभ्या ओळी असतात. प्रत्येक ओळीत १ ते ४ हे अंक एकदाच यायचे. जाड रेघेतल्या दोन घरांची बेरीज ७ दिली असेल, तर तिथे ३ आणि ४ च येणार.

एक कोडे मी पाटीवर तासभर पुसत-लिहीत सोडवले. मग दादाने त्यासाठी संगणकात प्रोग्रॅम लिहिला. संगणक एकेका घरात अंक ठेवून बघतो, जमले नाही की मागे येतो. त्याचे उत्तर लगेच आले. मला रडूच आले. पण बघते तर काय, एका उभ्या ओळीत ३ दोनदा! दादा उभ्या ओळीचा नियम लिहायलाच विसरला होता. हाताने सोडवले होते म्हणून मला चूक दिसली.

माझे मत असे, की आधी पाटीवर सोडवावे, मग संगणकाला शिकवावे. ज्याला स्वतःला येत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी