विश्लेषण : कार्ड पाच लाखांचे, मग 'फरक' का भरावा लागतो?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. तरीही 'कार्ड आहे, पण वरचे पैसे मागितले', ही तक्रार ऐकू येते. असे का होते?

पाच लाख ही कमाल मर्यादा आहे. रुग्णालयाला पैसे मिळतात ते पॅकेजच्या दराने. एका शस्त्रक्रियेसाठी एकच ठरलेली रक्कम. खाट, औषधे, तपासण्या, जेवण सगळे त्यातच.

रोखीच्या रुग्णाचे बिल बाबवार होते. जेवढे केले तेवढे मिळते, म्हणून एखादी तपासणी जास्तच होते. पॅकेजमध्ये गणित उलटे. खर्च जितका कमी, तितके रुग्णालयाकडे उरते.

साध्या रुग्णाचे यात भागते. सत्तरीतला, मधुमेह असलेला, आयसीयूत दोन दिवस जास्त राहणारा रुग्ण मात्र दरात बसत नाही. मग 'खाट शिल्लक नाही', 'हे औषध बाहेरून आणा', 'चांगले इम्प्लांट हवे तर फरक भरा' सुरू होते. पॅकेजमधल्या उपचारांसाठी असे पैसे घेता येत नाहीत. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री कोणता नातेवाईक नियम दाखवून भांडेल? डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, मात्र दर त्यांनी ठरवलेले नसतात आणि थकलेल्या देयकांची रुग्णालयांची तक्रारही जुनीच आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पैसे मुख्यतः दाखल झाल्यावरच मिळतात. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या खिशातून घ्यायच्या. पाय चिघळून दाखल झाल्यावर योजना धावून येते. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला ३० हजारांचे संरक्षण होते, बाह्यरुग्ण उपचार मात्र नव्हते. बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे प्रकार २०१२ मध्ये गाजले, ते याच योजनेच्या काळात.

थायलंडने २००२ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम मिळते, आजारी पडो वा न पडो. यात कमी उपचार होण्याचा धोका आहेच.

आपल्याकडे पॅकेज मोडीत काढायची गरज नाही. दर प्रत्यक्ष खर्चाशी जोडावेत, गुंतागुंतीच्या रुग्णासाठी जास्त रक्कम द्यावी, देयके वेळेत चुकवावीत आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या योजनेत आणाव्यात. यातले शेवटचे काम सर्वात स्वस्त असूनही सर्वात मागे पडले आहे.

तोवर दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. मंजूर पॅकेज कोणते, त्यात काय काय येते, हे विचारून घ्या. पैसे मागितलेच तर पावती मागा. तक्रार करताना तीच कामी येते.